आज फणस

काकांच्या घरी मी कधी इडली खाल्ली नाही. इडलीपात्र घरात होतं, चांगलं चार थरांचं, काकींच्या माहेरून आलेलं, पण त्यात स्क्रू राहायचे. कॅमेरा उघडायला घेतला की पहिल्यांदा निघालेले स्क्रू पहिल्या खळग्यात, नंतरचे दुसऱ्यात, असं करत काका सोळाव्या खळग्यापर्यंत पोचायचे आणि जोडताना उलट्या क्रमाने परत यायचे. एवढ्या वर्षांत एकही स्क्रू उरला नाही की कमी पडला नाही. घरी पाहुणे आले तर इडली उडप्याकडून यायची. काकी हे सांगायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात मला तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त ऐकू यायचं. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, कौतुक कसलं, तक्रारच आहे.

माझं मुलुंडला दुकान आहे. लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी मी पेनड्राइव्हवर उतरवून देते. लग्नं, बारशी, शाळेची गॅदरिंग, कुणाच्या तरी आजोबांची एकसष्टी. हे काम ज्या यंत्रांवर चालतं ती आता कुठे बनत नाहीत, आणि बिघडली तर बहुतेक जण ती भंगारात टाकायचा सल्ला देतात. काका देत नसत. ते एका टीव्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते. ते बंद पडल्यावर विक्रोळी पूर्वेला, हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगमधल्या आपल्या तळमजल्याच्या गॅलरीत त्यांनी टेबल टाकलं आणि खांद्यावर घ्यायचे, मुठीत मावणारे, सगळे जुने कॅमेरे तिथे येऊ लागले. आता दोघं मालवणकडे गावी राहतात. गॅलरीत नव्या माणसांनी तुळस आणि वॉशिंग मशीन ठेवलंय.

काकांचं खाडीशी वैर होतं. खाडीची हवा कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी आणते, पट्टे चिकट करते, म्हणून आलेला प्रत्येक कॅमेरा आधी दोन दिवस काकींच्या तांदळाच्या डब्यात पुरला जायचा. त्या घरात भात शिजताना कधीमधी एखादं लेन्सचं झाकण निघायचं. मग नाकाची पाळी. डब्यातून काढलेला कॅमेरा काका नाकाशी धरून हुंगायचे. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी ती गोळीएवढी नळकांडी, गळायला लागली की त्यांना सुक्या मासळीचा वास येतो. मला वाटायचं हे कोकणी माणसाचं नाक आहे, सगळीकडे मासळीच शोधणार. मग एकदा मी स्वतः हुंगून पाहिलं. खरंच सुकट.

गिऱ्हाइकाला मात्र घाम फुटायचा. कॅमेरा टेबलावर ठेवला की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाच्या हातून पडला?" पडला नाही हो, आपोआप बंद झाला, असं सगळे म्हणत. काका चष्म्यावरून बघत राहायचे. पाच मिनिटांत कुणी तरी जावयाचं, मोलकरणीचं किंवा मांजराचं नाव सांगून टाकायचं. कॅमेरा कधी खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं, असं काका मला शिकवत आणि माझ्याकडेही त्याच नजरेने बघत. माझ्या हातून दोन पडले होते.

त्यांची दुसरी बढाई अशी: "मागितलं ते करतोच. मागायचं सुचलं नाही, तेपण करतो." हे खरं होतं आणि कधीकधी डोक्यात जायचं. मी एकदा नुसता पट्टा बदलायला प्लेअर दिला. परत आला तेव्हा पट्टा नवा, भिंगासारखी चकचकीत पुसलेली काच, बटणांवर मराठीत नावं, आणि ज्या पिशवीतून दिला होता तिची तुटलेली चेनसुद्धा बदललेली. मला आठवड्यात हवा होता, महिना लागला. भांडले तर म्हणाले, चेन तुला दिसली नव्हती, मला दिसली.

अंधेरीहून एकदा एक मुलगी आली होती, कुठल्याशा मालिकेच्या सेटवर काम करणारी. तिला जुना कॅमेरा हवा होता, चालू, पण चित्र जरा खराब येणारा. फ्लॅशबॅकसाठी. रंग थोडे ओघळलेले, मध्येच एखादी आडवी रेघ, असं काहीतरी लावून द्या ना, झकासपैकी. काकांनी तिला चहा पाजला आणि मग शांतपणे सांगितलं की चुकीचं लावायचं त्यांना येत नाही, आणि येत असतं तरी लावलं नसतं. मुलगी गेल्यावरही ते दिवसभर धुमसत होते. खराब चित्र मुद्दाम मागणारं गिऱ्हाईक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आणखी दोन सवयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

पहिली, नेलपॉलिश. कुठलाही स्क्रू फिरवायच्या आधी काका त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढत. स्क्रू फिरला की रेघ तुटायची, आणि त्याची मूळ जागा कुठली ते त्या तुटलेल्या रेघेवरून कायमचं कळायचं. दर वर्षी रंग वेगळा. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात काका बांगड्यांच्या दुकानात जाऊन स्वतःच्या अंगठ्यावर रंग लावून बघत बसायचे. काकींनी जन्मात कधी नखं रंगवली नाहीत. दुकानदारीण काकांविषयी काय समजत असेल याची त्यांना काळजी वाटायची, काकांना नाही.

दुसरी, काकींची भाजी. कॅमेरा चालू झाला की काका तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवून विचारायचे, आज काय? काकी हातातलं काम न सोडता कॅमेऱ्याकडे बघून सांगायच्या, आज दुधी. आज शेवगा. अर्धं मिनिट, बस्स. ही तपासणी एकाच कॅसेटवर व्हायची. मोठ्या कॅमेऱ्यांची एक कॅसेट, छोट्यांची एक, आणि आधीचं काही पुसायचं नाही. वहीतही गिऱ्हाइकाच्या नावापुढे ती भाजी लिहिलेली असायची. मला हा निव्वळ चक्रमपणा वाटायचा.

मग चारेक वर्षांपूर्वी माझ्या दुकानात एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, पोस्टात नोकरीला, राहायला कांजूरमार्गला. पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली आठ एमेमची छोटी कॅसेट त्यांनी काउंटरवर ठेवली. मी माझ्या प्लेअरवर लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या, स्पीकरमधून खरखर. पाच मिनिटं पुढे-मागे करून बघितलं आणि सवयीने सांगून टाकलं की कॅसेट गेली. मला हे वाक्य दिवसातून दोनदा बोलावं लागतं, त्यामुळे जीभ जरा कोरडी झालीय.

बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, आईला हे सांगायला मी घरी जाणार नाही.

त्यांचे वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात होते आणि संध्याकाळी गायन पार्टीत. भीमजयंतीला त्यांची गाणी चार-पाच वस्त्यांत वाजायची. शाळा दुसरीपर्यंत झालेली, लिहायचं जमत नसे. गाणं डोक्यात तयार व्हायचं आणि बायको ते वहीत उतरवून घ्यायची. त्यांचं प्रत्येक गाणं तिच्या अक्षरात आहे. एक सोडून. थोरल्या मुलाच्या हळदीला त्यांनी अचानक हार्मोनियम ओढलं आणि बायकोवर रचलेलं गाणं म्हटलं. तिच्यापासून चोरून केलेलं, म्हणून वहीत नाही. ती तेव्हा मागच्या बाजूला शंभर माणसांच्या जेवणाच्या पातेल्यापाशी होती. तिला ऐकू आलं ते एवढंच, की माणसं हसतायत. नंतर कितीही विचारलं तरी वडील म्हणायचे, कॅसेट आहे ना, रविवारी सगळे मिळून बघू. त्या रविवारी कॅसेट कॅमेऱ्यात अडकली. दुरुस्तीला दिली, कॅमेरा ठणठणीत होऊन आला, कॅसेटवर मात्र मुंग्या. अडकली तेव्हाच खराब झाली असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढे वडील गेले. आई ऐंशीला टेकली होती आणि पंचवीस वर्षं तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, की तो माझ्यावर काय बोलला.

कॅमेरा अजून घरात होता, चालत नव्हता. मी बाईंना काकांकडे घेऊन गेले. फार आशेने नाही, खरं सांगायचं तर मला ती कॅसेट गेली हे सांगायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं होतं.

काकांनी कॅमेरा हुंगला. सुकट. कुणाच्या हातून पडला, हे विचारून झालं. बाई म्हणाल्या, कुणाच्याच नाही. काकांनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आत मोरपंखी नेलपॉलिश होतं. हा तर आपल्याच हातचा. त्यांनी कपाटातून जुनी वही काढली आणि नोंद सापडली: कांजूर, आठ एमेम, कॅसेट अडकलेली काढली, खांब वर आला होता तोही नीट बसवला, फणस.

तीन आठवड्यांनी कपॅसिटर बदलून कॅमेरा चालू झाला. आम्ही दोघी गेलो. काकांनी आपली तपासणीची कॅसेट घातली, छोट्या टीव्हीवर काकी स्वच्छ दिसल्या, आज भेंडी. मग बाईंची कॅसेट घातली. मुंग्या.

मी बाईंकडे बघितलं, म्हणजे मी सांगितलंच होतं अशा अर्थाने. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. काका मात्र वहीतल्या त्या नोंदीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, हळद कॅमेरा माझ्याकडे यायच्या आधीची का नंतरची? आधीची, बाई म्हणाल्या. काकांनी हातातला चहा खाली ठेवला.

"बाई, तुमची कॅसेट चांगली आहे," ते म्हणाले. "वाट मी लावली."

मग त्यांनी समजावलं. टेप ज्या दोन बारक्या खांबांना वळसा घालून फिरते, त्यातला एक पडल्यामुळे वर सरकला होता. वाकड्या पट्टीने वही आखली तर तीच वाकडी पट्टी ठेवून त्या रेघा परत गिरवता येतात, सरळ पट्टीने नाही. कॅमेऱ्याने हळद वाकडीच टिपली होती आणि वाकडीच बरोबर दाखवलीही असती. काकांना सांगितलं होतं फक्त अडकलेली कॅसेट काढायला. त्यांनी काढली, आणि मग त्यांना तो खांब दिसला. कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी सरळ करून दिला.

बाईंनी तिथल्या तिथे भावाला फोन लावला. पंचवीस वर्षांनी नवरदेवाने कबूल केलं की हळदीच्या दोन दिवस आधी कॅमेरा कपाटावरून त्याच्या हातून पडला होता.

एरवी काकांनी हा विजय आठवडाभर साजरा केला असता. त्या दिवशी त्यांनी ऐकलंच नाही बहुतेक. मी म्हटलं, मग आता खांब परत वाकडा करा. ते माझ्यावर उखडले. सरळ एकच असतं, वाकडं शंभर प्रकारचं असतं, त्यातलं नेमकं कुठलं? अंदाजाने केलं आणि टेप खांबाला घासून फाटली तर? आणि शेवटी तेच, अंधेरीच्या मुलीला सांगितलेलं, की चुकीचं लावायचं मला येत नाही. पण या वेळी त्यात तोरा नव्हता. मी त्या माणसाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा घाबरलेलं पाहत होते.

काकी दारातच होत्या, हातात विळी.

"लग्न झाल्यापासून बघतंय मी," त्या म्हणाल्या. "तुमका बरा येता."

काका हसले नाहीत, पण खुर्ची पुढे ओढून बसले. थोड्या वेळाने त्यांनी वही पुन्हा उघडली आणि नोंदीतल्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. फणस. खांब सरळ करायच्या आधी, कॅसेट निघाल्यानिघाल्या, त्यांनी सवयीप्रमाणे काकींना विचारलं होतं, आज काय. म्हणजे काकींचं ते अर्धं मिनिटही त्याच वाकडेपणाने टिपलेलं होतं. तपासणीच्या कॅसेटवर दोडका आणि अळू यांच्यामध्ये अर्धं मिनिट मुंग्या होत्या. काका वर्षानुवर्षं त्या पुढे ढकलत आले होते. जोवर त्या मुंग्यांतून काकी दिसत नाहीत, तोवर बाईंच्या कॅसेटला हात लावायचा नाही, असं ठरलं. फाटली तर काकींची भाजी फाटेल.

त्यांनी खांबाचा स्क्रू फिरवायला सुरुवात केली. मोरपंखी रेघेचे दोन तुकडे हळूहळू जवळ आले आणि जुळले. मुंग्या तशाच. काका म्हणाले, रेघ जुळली म्हणजे जागा कळली, फेरे किती ते कुठे कळलं. त्यांनी आणखी एक अख्खा फेरा दिला, इतका सावकाश की मध्ये काकींनी आमचे कप उचलून नेले, धुतले आणि परत येऊन उभ्या राहिल्या. पडद्याच्या खालच्या कडेला एक निळी पट्टी आली. पातळ झाली, जाड झाली, वर चढली. आणि एकदम काळ्याभोर केसांच्या काकी दारात उभ्या होत्या, हाताला तेल लावलेलं, कपाळावर घाम.

"आज फणस," त्या म्हणाल्या.

मी ओरडले. त्याबद्दल मला काही वाटत नाही, बाईही ओरडल्या. काकांनी चष्मा काढून बनियनने पुसला, परत घातला, परत काढला. काकींना दुसरंच दिसत होतं. त्या म्हणाल्या, केस बघा माझे. मग काकांनी बाईंच्या कॅसेटकडे हात नेला तर बाईंनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. आईच्या आधी मी ऐकणार नाही. येत्या रविवारी घेऊन येते.

तो आठवडा मला दुकानात काम सुचलं नाही. टेप मध्येच संपलेली असेल तर, गाण्याच्याच वेळी कुणी कॅमेरा बंद केला असेल तर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो म्हातारा बायकोबद्दल भलतंच काही गायला असेल तर. हसले होते ना लोक.

रविवारी अकराच्या सुमारास रिक्षा थांबली. आजी ठेंगण्या, ताठ, पांढऱ्या साडीतल्या. काकांना जयभीम घातला, खुर्ची टीव्हीच्या हातभर जवळ ओढून घेतली आणि पिशवीतून वही नि पेन काढलं. त्या गाणं ऐकायला आल्या नव्हत्या, उतरवून घ्यायला आल्या होत्या. मी माझा लॅपटॉप जोडला, म्हणजे वाजता वाजता त्याची प्रतही होईल. काकांनी कॅसेट घातली आणि दोन्ही हात मांडीवर दाबून बसले.

मांडव आला. हळदीची माणसं आली. कोपऱ्यात पांढऱ्या शर्टातला एक किडकिडीत माणूस हार्मोनियमवर वाकलेला. त्याने घसा साफ केला, मागे एकदा चोरून बघितलं, म्हणजे पातेल्याच्या दिशेने, आणि आवाज लावला. आवाज पहाडी होता. एवढ्याशा टीव्हीत मावत नव्हता.

*दोन बुकं मी शिकलो नाही, हिनं लिहिलं माझं गाणं,*
*जगात मिरवतो आवाज माझा, अक्षर हिचं शहाणं.*
*बोल बोलते कडक जरा, मीठ घालते जास्त,*
*पण चाळीस वर्षं भांडून कळलं, ही म्हणते तेच रास्त.*

मिठापाशी सगळा मांडव हसला. ते हसणं आजींनी ऐकलेलं होतं. पुढची ओळ ऐकली नव्हती. गाणारा माणूस ती ओळ दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा हार्मोनियमशिवाय.

बाईंनी तोंडावर पदर धरला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आजींचे डोळे कोरडे होते. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मीठ जास्त नसायचं. यमकासाठी घातलंय यानं."

मग म्हणाल्या, "पुन्हा लावा."

दुसऱ्या वेळी त्यांनी लिहून घेतलं. अक्षर थरथरत होतं पण ओळी सरळ होत्या. तिसऱ्या ओळीपाशी पेन थांबलं. बाई हळूच म्हणाल्या, आई, बदल ना ते, वही तुझीच आहे. आजींनी मान हलवली.

"गायला तसंच लिहायचं. चूक त्याची आहे, राहू दे."

त्यांनी 'जास्त' लिहिलं आणि पुढे गेल्या.

काका उठले. कपाटातून त्या वर्षीची बाटली काढली, डाळिंबी रंगाची होती, आणि उघड्या कॅमेऱ्यातल्या त्या खांबाच्या स्क्रूवर एक जाडसा थेंब सोडला. फुंकर मारून वाळवला. इतका वाकडा खांब त्यांनी इतक्या मायेने पक्का केलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, आता ह्याला कुणी हात लावायचा नाही, मी पण नाही. वहीत नवी नोंद केली आणि स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, आज काय. काकी म्हणाल्या, सगळ्यांना पुरेल एवढी वालाची उसळ आहे, कुणी जायचं नाही.

मी आजींना सांगितलं की गाणं आता पेनड्राइव्हवरही आलंय, नातवाच्या मोबाइलवर हवं तेव्हा ऐकता येईल. त्यांनी ऐकून घेतलं. मग काकांना म्हणाल्या, पुन्हा लावा.

लिहून झालं ना आजी, मी विचारलं.

"झालं की," त्या म्हणाल्या. वही मिटून त्यांनी पिशवीत घातली, पेनाला टोपण लावलं. "आता ऐकते."